आईच्या ओट्याचा सूड

सिनेमातला फौजी गावी परत येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर एकच पिशवी असते, डोळ्यांत आग असते आणि मागे कुठेतरी ढोल वाजत असतो. माझा भाऊ अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून परत आला तेव्हा त्याच्याकडे तीन लोखंडी ट्रंका, एक प्रेशर कुकर आणि भयंकर बद्धकोष्ठ होतं. आग नव्हती असं नाही. पण ती दिसायला आठवडा लागला, कारण पहिला आठवडा इसबगोलात गेला.

तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा. सुभेदार होऊन निवृत्त झाला. अगदी कोवळ्या वयात डोंगरावरच्या लढाईत होता, त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पुढे बर्फातल्या एका चौकीवर डाव्या पायाची दोन बोटं गेली, त्याबद्दल मात्र सतत बोलतो, विशेषतः मी जिने चढून दमले म्हटलं की. लग्न केलं नाही. खारदांड्याच्या आमच्या आईच्या घराला ती गेल्यापासून कुलूप होतं, ते उघडून तिथे राहू लागला. मला वाटलं, आता हा किनाऱ्यावर फिरेल, जुने मित्र शोधेल, पोट सुटेल, सुखी होईल. आठव्या दिवशी सकाळी सहा वाजता माझ्या अंधेरीच्या घराची बेल वाजली. दारात तो. गळ्यात दुर्बीण.

"बाय," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्यात तसंच म्हणतात. "तुझी किचनची खिडकी बाजारावर उघडते ना?"

उघडते. हे घर माझ्या नवऱ्यानं पसंत केलं ते केवळ समोर मासळी बाजार आहे म्हणून. तो विमा कंपनीत होता, आता घरी असतो, आणि ताज्या सुरमईपुढे त्याला जगातली दुसरी कुठलीच गोष्ट महत्त्वाची वाटत नाही. माझी पालिकेची शाळाही इथून पाच मिनिटांवर, म्हणून मीही हो म्हटलं. बाजाराची मागची बाजू उघडी आहे. सिंकपाशी उभं राहिलं की तिसऱ्या मजल्यावरून ओट्यांच्या दोन रांगा सरळ दिसतात. मी तिथे जाड पडदा लावून घेतला होता. भावानं पहिल्याच दिवशी तो काढला, चौपदरी घडी करून फ्रीजवर ठेवला आणि म्हणाला, "चहा टाक. साखर कमी."

दुसऱ्या रांगेतला तिसरा ओटा त्याचं लक्ष्य होता. तो आमच्या आईचा ओटा.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर हातभर दगडासाठी कुणी एवढा आटापिटा का करेल ते कळायचं नाही. आम्ही कोळी. आमच्यात पुरुषानं दर्यावर जायचं आणि बाईनं बाजारात बसायचं. होडी पुरुषाची असेल, पण ओटा बाईचा. तो सासूकडून सुनेकडे जातो, सून नसेल तर लेकीकडे. पालिकेचा परवाना असतो, पण आमच्या बाजारात परवान्यापेक्षा मोठा नारळ. नारळी पौर्णिमेनंतर पहिला भरलेला बाजार लागतो, त्या सकाळी जी बाई ओट्याला हळदकुंकू लावून नारळ फोडते तिचा तो ओटा वर्षभर. हे कुठे लिहिलेलं नाही आणि आजवर कुणी मोडलेलंही नाही. आमचे वडील लवकर गेले. आईनं त्या ओट्यावर तीस-पस्तीस नारळ फोडले आणि आम्हा दोघांना वाढवलं.

वीस वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. आणि त्या वर्षी तिच्या ओट्यावर नारळ फोडला तो शेजारच्या ओट्यावरच्या मावशीच्या धाकट्या सुनेनं. ती सून आजतागायत तिथे बसते. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. पण आईचा आणि तिचा ओटा इतका लागून की दोघींचा बर्फ एकाच पेटीत असायचा. दोघींच्या बाळंतपणात दोघींनी एकमेकींचं दुकान सांभाळलं होतं. अशा बाईनं आईच्या आजारपणात जागा बळकावली, आणि आई त्याच धक्क्यानं खंगत चार वर्षांनी गेली. ही माझ्या भावाला माहीत असलेली गोष्ट.

खरी गोष्ट अशी की जागा मी दिली.

हे मी इथेच सांगून टाकते, कारण ते लपवून वाचकाला शेवटी दचकवण्याइतकं माझ्यात आता बळ नाही. आई आजारी पडल्यावर दोन महिने मी बसले ओट्यावर. तेव्हा माझी शाळा दुपारची होती. पहाटे बाजार, अकराला घर, लिंबू चोळून आंघोळ, बाराला वर्ग. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची हळूहळू लांब सरकत गेली. मला कोणी काही बोललं नाही, बोललं असतं तर मी दोन हात केले असते. मग एक दिवस माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई बांगडे घ्यायला आली. वर बघितलं आणि म्हणाली, "अय्या, बाई, तुम्ही?" आणि मी सांगितलेल्या भावात, एक शब्द न काढता बांगडे घेऊन गेली. घासाघीस न करता! आईच्या अख्ख्या आयुष्यात तिच्याशी कुणी घासाघीस केली नाही असं झालं नव्हतं. त्या बाईला माझी लाज वाटली होती, आणि तिच्यापेक्षा जास्त मला वाटली. दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटलं, तुझ्या सुनेला बसव इथे, यंदाचा नारळ तिलाच फोडू दे.

मावशी म्हणाली, "आयशीला इचारलंस?"

"मी सांगते तिला," मी म्हटलं. "तू काही बोलू नको."

आईला सांगताना मात्र माझी जीभ वळली नाही. तुझी मुलगी तुझ्या जागेची लाज बाळगते, हे अर्ध्या अंगानं पडलेल्या बाईला कसं सांगायचं? म्हणून मी म्हटलं, मावशीनं सून बसवली. मी उठवायला गेले, नाही उठली. एवढंच. दोन वाक्यं. तिथून पुढे आईनं वाकड्या तोंडानं चार वर्षं मावशीला शिव्या घातल्या, त्या अख्ख्या खारदांड्यानं ऐकल्या, मावशीनंही ऐकल्या, आणि ती गप्प राहिली. मी 'बोलू नको' म्हटलं होतं ना! आई गेली त्या दिवशी मावशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती, पदर तोंडात धरून. 'माझ्या मढ्यावरसुद्धा तिला येऊ द्यायचं नाही' असं आई बजावून गेली होती. मी दारातून तिला बघितलं. दहा पावलं चालून तिला आत आणायचं होतं. मी आत वळले आणि कुणाला तरी चहा विचारला.

तर अशा माझ्या स्वयंपाकघरात माझा भाऊ दुर्बीण लावून उभा राहायचा आणि सुडाची तयारी करायचा. माझ्यासाठी! हेच तर असह्य होतं. ओट्यावर पुरुष बसत नाही, तेव्हा लढाई जिंकल्यावर तिथे बसणार कोण, तर मी.

"तुझी जागा आहे ती," तो म्हणायचा. "तुला परत मिळवून देणार म्हणजे देणार."

"मला पाच वर्षांनी पेन्शन लागेल रे. मी आता मासे विकायला बसू?"

"शनिवार-रविवार बस. ताबा महत्त्वाचा."

त्यानं एक वही केली होती. तिच्यात सहा वाजून दहा मिनिटं, टारगेट हजर. सहा पंचवीस, चहा, कटिंग. सहा चाळीस, पापलेट दोन जोड्या, गिऱ्हाईक चष्मेवालं. पंधरा दिवसांत अशी चाळीस पानं भरली. त्यातून शत्रूबद्दल काय कळलं म्हणाल, तर सून सात वाजता भरपूर मासे विकते आणि दहा वाजता थोडे कमी. हे मी सिंकपाशी उभी न राहताही सांगितलं असतं. मला चपात्या लाटायला ओटा मोकळा मिळायचा नाही, डबा उशिरा व्हायचा, शाळेत उशीर व्हायचा, आणि मुख्याध्यापिका म्हणायच्या, घरी काही अडचण आहे का बाई? काय सांगणार, माझ्या किचनमध्ये सैन्य उतरलंय?

बरं, नवऱ्यानं तरी आवरावं! तो तर फितूर झाला. भावानं त्याला 'भाऊजी, तुम्ही आपले गुप्तहेर' म्हटलं, तसा हा माणूस, ज्यानं आयुष्यात पॉलिसीचा अर्ज सोडून काही धाडस केलं नव्हतं, टोपी घालून मोहिमेवर निघाला. शत्रूची मानसिक स्थिती बघून ये, असा हुकूम होता. तासाभरानं आला तो पाऊण किलो सुरमई घेऊन.

"काय कळलं?" भावानं विचारलं.

"बाई फार चांगली आहे हो," नवरा म्हणाला. "डोकं आपणहून वेगळं दिलं, कालवणाला. वर मूठभर मांदेली टाकली, म्हणाली, काका, तळून खावा."

मांदेली तळली. भावानं दोनदा वाढून घेतली. शेवटचा काटा चोखत म्हणाला, "मासे ताजे विकते. पण त्यानं गुन्हा कमी होत नाही." नवऱ्यानं मान डोलावली. मी भांडी आपटली. दोघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण मग अर्ज आला. भाऊ बाजाराच्या कचेरीत जाऊन चौकशी करून आला होता, आणि तिथे त्याला कळलं की परवाना अजून आईच्याच नावावर आहे. सून दर वर्षी आईच्याच नावानं तो पुढे चालू ठेवत होती. नाव बदलायचं तर वारसांची सही हवी, आणि माझ्या सहीसाठी ती माझ्या दारात कधी आली नाही. मेलेल्या बाईच्या नावावर धंदा चाललाय हे ऐकून भावाला खजिना सापडल्यासारखं झालं. त्यानं तीन प्रतींत अर्ज टाईप करून आणला. मूळ परवानाधारक मयत. सदर जागेवर अनधिकृत इसम. जागा खाली करून वारसांस ताबा मिळावा. खाली दोन वारसांच्या सह्यांची जागा. त्याची झाली होती.

"कर सही."

"पेन नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं.

"चष्मा शाळेत राहिला."

चष्मा माझ्या कपाळावर होता.

त्या कागदानं काय होणार ते मला स्वच्छ कळत होतं. सुनेच्या नवऱ्याची होडी दोन वर्षांपासून किनाऱ्यावर उपडी पडलेली, इंजिन गेलेलं. घरात पाच माणसं, त्यात ऐंशीची मावशी; तिचा स्वतःचा ओटा केव्हाच वेगळ्या राहणाऱ्या थोरल्या सुनेकडे गेलेला. सगळी त्या एका दगडावर जेवत होती. माझी सही झाली की सून उठली. अर्ज फ्रीजवर चुंबकाखाली लागला, आणि पुढचे तीन आठवडे दूध काढायला गेलं की तो माझ्याकडे बघायचा. मी परीक्षेचे पेपर आहेत म्हटलं. अंगठा दुखतो म्हटलं. अमावास्या आहे म्हटलं, तर भाऊ म्हणाला, तू कधीपासून पाळायला लागलीस? मी पन्नाशी उलटलेली बाई, रोज चाळीस पोरांना 'खरं बोला' सांगते, आणि स्वतःच्या किचनमध्ये गृहपाठ न केलेल्या पोरासारखी सबबी सांगत होते. स्वतःचा इतका वैताग मला कधी आला नव्हता.

एका रविवारी जेवण झाल्यावर नवरा झोपला होता आणि आम्ही दोघंच बसलो होतो. भावानं मोजा काढून पायाला तेल चोळायला घेतलं. मी म्हटलं, सोड ना रे हा नाद. आई जाऊन सोळा वर्षं झाली. काय मिळणार आहे?

तेल चोळता चोळता तो म्हणाला, "वर चौकीवर आठवड्याला पाच मिनिटं फोन मिळायचा. रांग लावून. पाचातली चार मिनिटं आय त्या बाईला शिव्या घालायची. तोंड वाकडं झालेलं, अर्धं कळायचं नाही. शेवटच्या मिनिटाला विचारायची, पाय कसं हायत रं? मी म्हणायचो, झकास. मग म्हणायची, जागा कधी सोडवतोस? मी म्हणायचो, आलो की पहिलं तेच."

"मग?"

"मग काय. आलोय ना आता."

"एवढ्यासाठी?"

"वर माणूस कशावर तरी जगतो, बाय. कोण बायकोवर, कोण पोरांवर. मला काय होतं? बर्फात पडल्या पडल्या मी मनातल्या मनात त्या मावशीशी भांडायचो. रोज. त्यानं झोप लागायची नाही, आणि झोप न लागणं तिथे चांगलं असतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. पण समोर तो पाय होता, तीन बोटांचा, तेलानं चकाकणारा, आणि मला वाटलं की मी बोलले तर त्या चौकीवरच्या माणसाच्या अंगावरची गोधडी ओढून घेतल्यासारखं होईल. निदान स्वतःला मी तसं समजावलं. खरं म्हणजे मी घाबरले. त्याच्या रागाला नाही, त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं असतं त्या नजरेला. मी उठून कॉफी केली. तो कॉफी पीत नाही, हेही तेव्हा मला आठवलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी पहिला बाजार. सकाळी साडेपाचला भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर, मिशी कातरलेली, हातातल्या पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि अर्ज. योजना अशी की सून यायच्या आत मी ओट्यावर नारळ फोडायचा, तिथल्या तिथे सही करायची आणि आठ वाजता कागद कचेरीत. नवरा टोपी घालून तयार. मी नाईटीवर ओढणी घेऊन म्हटलं, मला बरं वाटत नाही.

"नारळ तूच फोडायचा," भाऊ म्हणाला. "मी फोडला तर बाजार हसेल. चल."

मी साडी नेसले. जिना उतरताना मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा नवऱ्यानं 'पायरी बघ' म्हटलं.

बाजारात दिवे लागले होते, पाण्यानं फरशी चमकत होती, टोपल्या उतरत होत्या. प्रत्येक ओट्यावर झेंडूची माळ. आणि आमच्या सगळ्या हेरगिरीला पुरून उरलेली एक गोष्ट अशी की सून आमच्या आधीच येऊन बसली होती. चाळीस पानं लिहिली भावानं, पण सणाच्या दिवशी बाई लवकर येते हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ती ओटा धूत होती. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर मावशी. किती बारीक झाली होती. हिरवं लुगडं, कानात जुन्या बुगड्या, मांडीवर नारळ.

भाऊ तिच्यासमोर ताठ उभा राहिला. आजूबाजूच्या चार-पाच बायकांचे हात थांबले.

"मला ओळखलंस?"

मावशीनं डोळे बारीक केले. "तुना नाय वळखनार? केवढा झालास रं. बापासारका दिसतंस."

तो जरा ढळला. मग घसा खाकरून म्हणाला, "माझी आय आजारी पडली तेव्हा तिच्या जागेवर तू सून बसवलीस. खरं की खोटं?"

मावशीनं त्याच्याकडून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सुटले. आता ही सांगेल, आणि मला काहीच बोलावं लागणार नाही. इतकी मी नीच, की त्या क्षणीही माझं काम तिनं करावं असंच मला वाटलं.

"खरं हाय," मावशी म्हणाली. "मीच बसवली."

"माझी बहीण उठवायला आली, तरी उठवली नाहीस?"

"नाय उठवली."

माझीच दोन वाक्यं. आईनं ती सगळ्या खारदांड्याला ऐकवली होती, म्हणून तिला पाठ होती. सून ओटा धुवायची थांबली आणि सासूकडे बघायला लागली. तिचा चेहरा लाल झाला, पण तिनंही तोंड उघडलं नाही. वीस वर्षं त्या घरात माझ्या शब्दाला जागणं चाललं होतं, आणि मी समोर तिसऱ्या मजल्यावर पडदा लावून बसले होते.

भावानं पिशवीतून अर्ज काढला, पेन काढलं, दोन्ही माझ्यापुढे धरलं. "ऐकलंस? आता कर."

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं.

"काय?"

"मावशी खोटं बोलतेय. मी दिली जागा. मीच तिला म्हटलं सून बसव. मला लाज वाटत होती इथे बसायची. आयला मी खोटं सांगितलं. मावशीला मीच म्हटलं गप्प बस, म्हणून ती गप्प बसली. अजून गप्प बसलीय, बघ."

माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा लागला होता, पार कोपऱ्यातल्या कोलंबीवालीपर्यंत. नवरा मागच्या मागे बर्फाच्या पेटीवर बसला. मी भावाकडे बघितलं नाही, मग बघितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. आम्ही दोघं ओरडणाऱ्या घरातले. मारलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. तो नुसता उभा राहिला, हात सरळ खाली, आणि अर्ज मांडीला लागून फडफडत होता.

"आयला कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही."

त्यानं मान हलवली. पिशवीतला नारळ काढला आणि सुनेपुढे धरला. ती घेईना. "घे, वहिनी," तो म्हणाला, "तुझी जागा आहे. दोन फोड आज." मग अर्जाची घडी घालून त्यानं ती माझ्या हातात ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर तू आता नावबदलाचं लिही, मी सही करतो, म्हणाला. अगदी शांत. बोलताना त्याला श्वास लागत होता, डोंगर चढल्यासारखा.

सुनेनं हळदकुंकू लावलं. दोन्ही नारळ फोडले. पाणी ओट्यावरून वाहून आमच्या पायांशी आलं. बायका पुन्हा आपापल्या कामाला लागल्या, कारण गिऱ्हाइकं यायला लागली होती. भाऊ मात्र हलला नाही. तो मावशीपुढे खाली बसला, ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या कपड्यांत.

"मी तिला सांगत होतो येतो म्हणून," तो म्हणाला. कुणाला ते कळत नव्हतं. "मला रजा मिळून मी पोचलो तेव्हा राखच होती. राखेला पण सांगितलं, सोडवतो म्हणून. आता काय सांगू मी आयला?"

मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही एवढं कळत होतं.

मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्या हातात दिला.

"तू काय सांगू नको रं," ती म्हणाली. "मीच सांगीन तिला. माझी पाळी आलीच हाय जवळ."

मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"पन तुजं नाव घेऊन सांगीन हां गो. हितं नाय घेतलं येवढी वर्सं. तितं घेईन."

"घे, मावशी," मी म्हटलं.